कळंब्याचं बिल कुणाच्या नावावर?

बिंदू चौकात आपण सारखं जातो पण थांबतो कुठं, गाडीला जागा मिळाली की लगेच अंबाबाईच्या दिशेनं चालायला लागतो. तिथले फुले-आंबेडकरांचे पुतळे 9 डिसेंबर 1950 चे, बाबासाहेब हयात असताना बसवलेले, हे पण कितीतरी कोल्हापूरकरांना माहीत नसतं. आणि ह्याच चौकात सबजेल आहे. बाहेर भेळ खात उभा असलेला माणूस आणि आतला माणूस, मधे फक्त एक भिंत.

एक गैरसमज आधीच काढून टाकू. जेलमध्ये बसलेला म्हणजे गुन्हा शाबित झालेला, असं नसतंय. 2022 च्या डिसेंबरअखेर देशातल्या सगळ्या जेलात मिळून 5,73,220 माणसं होती, त्यातले 4,34,302 कच्चे कैदी. म्हणजे चारातल्या तिघांची केस अजून चालूच.

समजा एक पोरगा आहे, 22 वर्षांचा, उद्यमनगरात लेथवर हेल्पर. दोस्तांच्या नादानं मोबाईल चोरीत सापडला, पहिलीच वेळ. कोर्टानं जामीन दिला पण जामीनदार कोण राहणार? घरचा सातबारा नाही, खोली भाड्याची, ओळखीतला एक जण हो म्हणाला आणि ऐन दिवशी त्याचा फोन बंद. मग बसला आत, जामीन मंजूर असून. तीन महिन्यांनी बाहेर आला तर लेथवर दुसरा पोरगा उभा, खोलीमालकानं सामान शेजारच्याकडं टाकलेलं, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत गेला तर पहिला प्रश्न, चारित्र्य दाखला आणलायस का. आता त्याच्याशी नीट बोलणारं कोण उरलं? आत भेटलेली दोन माणसं. ती मात्र फोन उचलतात, हातात चार पैसे ठेवतात आणि काम पण सांगतात. कसलं काम ते कळलंच असेल तुम्हाला.

ही गोष्ट मी रचलेली आहे, पण कुठल्याही वकिलाला विचारा, तो म्हणेल ह्यात रचलेलं काय आहे.

आता जरा हिशेबाचं बोलू. कळंबा जेल, म्हणजे कोल्हापूरचं मध्यवर्ती कारागृह, चालतं राज्याच्या गृह खात्याच्या पैशावर. पोरगा आत गेला की त्याचं जेवण, पहारा, कोर्टात नेणारी गाडी, सगळं मुंबईहून मंजूर झालेल्या बजेटमधून. आणि तोच पोरगा बाहेर राहून सुधारावा म्हणून 1958 चा परिविक्षा कायदा आहे, त्याप्रमाणं कोर्ट चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडू शकतं आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला परिविक्षा अधिकारी असतो, पण तो येतो महिला व बालविकास खात्यात. एका खात्यानं कष्ट करून माणूस जेलबाहेर ठेवला तर वाचणारा पैसा दुसऱ्या खात्याचा. आणि जिल्ह्याला? काहीच नाही. माणूस कळंब्याला पाठवणं जिल्ह्यासाठी फुकट आहे, त्याला गावात सांभाळणं मात्र फुकट नाही, सगळी गोम इथंच आहे.

ही गोम अमेरिकेत इलिनॉय राज्यानं, म्हणजे शिकागो ज्यात आहे त्या राज्यानं, बरोबर पकडली. तिथं पण तसंच होतं, शिक्षा काउंटीच्या कोर्टात व्हायची (काउंटी म्हणजे आपला जिल्हा धरा) आणि जेलचा खर्च राज्याच्या माथी. 2009 मध्ये त्यांनी कायदा केला की आम्ही पैसे तुमच्या काउंटीला देतो, त्यातून व्यसनमुक्ती करा, समुपदेशन करा, देखरेखीला माणसं नेमा, काय लागेल ते करा, फक्त ठरलेल्या गटातली जी माणसं तुम्ही आमच्या जेलात पाठवता ती 25 टक्क्यांनी कमी झाली पाहिजेत. मला ह्यातली अटच आवडते. आपल्याकडं निधी येतो, फोटो निघतात, आकडा कोण विचारत नाही.

इंग्लंडात पीटरबरो जेलला 2010 पासून वेगळाच खेळ झाला, 17 गुंतवणूकदारांनी 50 लाख पौंड घातले, छोट्या शिक्षा भोगून सुटणाऱ्यांच्या मागं माणसं लावली आणि परत गुन्हा करायचं प्रमाण 9 टक्क्यांनी घटलं, ठरलं होतं साडेसात, म्हणून सरकारनं त्यांचे पैसे वर परतावा देऊन फेडले. माणसं सुधारण्यावर परतावा, हे मला जरा खटकतं, पण भिशी चालवणाऱ्या गावाला हिशेब समजायला अवघड नाही.

सगळ्यात जवळचं वाटलं ते बर्क. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या आतल्या कोरड्या भागातलं छोटं गाव, आदिवासी वस्ती मोठी, पोरं सारखी आतबाहेर. 2013 मध्ये गावातल्याच लोकांनी मारंगुका नावानं काम सुरू केलं आणि पहिला प्रश्न हा घेतला की आपली पोरं नेमकी कशानं अडकतात. एक उत्तर निघालं लायसन्स! लायसन्स नसताना गाडी चालवली, दंड भरला नाही, मग पुढची केस, असं साखळीनं चाललेलं. मग त्यांनी पोरांना लायसन्स काढून द्यायला सुरुवात केली, एवढं साधं. केपीएमजी ह्या सल्लागार कंपनीच्या 2018 च्या अहवालात आलं की 2016 पेक्षा 2017 मध्ये घरगुती हिंसेच्या घटना 23 टक्क्यांनी कमी, अल्पवयीन पोरांवरचे मुख्य प्रकारातले आरोप 38 टक्क्यांनी कमी, आणि त्या एका वर्षाचा फायदा 31 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा. एकाच वर्षाचा आकडा आहे, त्यामुळं नाचायची घाई नको. पण प्रश्न विचारायची पद्धत घ्यायला काय हरकत आहे.

मग कोल्हापूरचं लायसन्स कुठलं? माझ्या मते दोन कागद, जामीनदाराचा आणि चारित्र्याचा.

पहिल्या कागदासाठी पैसे आहेत बरं का. केंद्राची गरीब कैद्यांसाठीची योजना 2023 पासून आहे, सुरू झाली तेव्हा ठरलं होतं जामिनासाठी 40,000 पर्यंत, शिक्षा झालेल्याचा दंड भरायला 25,000 पर्यंत, देशासाठी वर्षाला 20 कोटी, आणि मंजुरी जिल्ह्यातल्याच समितीत, म्हणजे फाईल मुंबईला पण जात नाही. तरी खर्च इतका कमी की केंद्राला राज्यांच्या मागं लागावं लागलं. पैसा आहे, आत अडकलेला माणूस आहे, दोघांची गाठ घालून देणारा नाही. तो नेमायलाच पैसे नाहीत, आता बोला.

दुसरा कागद जास्त चिवट. कळंब्यातल्या बंद्यांनी अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळलेत, आपण ते कपाळाला लावून खाल्लेत, पण तोच माणूस बाहेर येऊन म्हणाला की बेकरीत कामाला ठेवता का, तर? महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेनं 1 मे 2022 ला पुण्याच्या येरवडा जेलात ‘जिव्हाळा’ नावाचं कर्ज सुरू केलं, बंद्याला 7 टक्क्यांनी 50,000 पर्यंत, त्याच्या जेलमधल्या कमाईवर. जेलात बसलेल्या माणसाची पत धरली, ही मोठी गोष्ट. आणि पतसंस्थांचं पीक तर आपल्याकडं आहे! गल्लीगल्लीत सोसायटी, दूध संस्था, तालीम. तालमीतला वस्ताद एखाद्या पोराबद्दल म्हणाला की ह्याची जबाबदारी माझी, तर कुठल्या दाखल्याची गरज पडतीय सांगा.

आणि हे आपल्याला नवीन नाही. इंग्रजांनी 1871 ला कायदा करून अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. ह्या संस्थानातही हजेरीची पद्धत होती, गुन्हा केलेला असो नसो, ठरावीक जातीच्या माणसानं रोज गावात हजेरी द्यायची, मग परगावी कामाला जाणार कसा आणि खाणार काय? शाहू महाराजांनी 1918 मध्ये ती हजेरी बंद केली. नुसती बंद करून थांबले नाहीत, ज्या फासेपारध्यांना लोक चोर म्हणायचे त्यांना बोलावून घेतलं, नोकरी दिली, सोनतळीला, म्हणजे महाराजांच्या मुक्कामाच्या ठिकाणी, पहाऱ्यावर ठेवलं. पगार दरबारच्या खजिन्यातून. म्हणजे खर्च आणि फायदा एकाच वहीत.

आता 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही शिक्षा म्हणून आलीय. पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली तर जेल नाही, समाजसेवा, बिनपगारी. चांगलंय. म्हणजे उद्या कोर्ट सांगू शकतं, जा, पंचगंगा घाट झाड. पण सकाळी सात वाजता तो पोरगा घाटावर आला का, झाडू मिळाला का, नाही आला तर घरी जाऊन का नाही आला हे विचारणारं कोण, एवढ्यासाठी तरी एक माणूस लागणार, त्याला वही लागणार, गाडीत पेट्रोल लागणार, आणि त्याचा पगार कुठल्या हेडखाली टाकायचा?