दलदलीने जपलेली माणसं

श्रोतेहो, नमस्कार. डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवर आयर्लंडचं पुरातत्त्व संग्रहालय आहे. १८९० साली ते उघडलं आणि आजही आत जायला तिकीट लागत नाही. बहुतेकांची पावलं आधी सोन्याचांदीकडे वळतात. आर्डाचा चांदीचा चषक तिथलाच, आठव्या शतकातला. १८६८ मध्ये लिमरिक परगण्यात बटाटे खणताना पोरांच्या हाती लागला. साडेतीनशेच्या वर सुटे भाग जुळवून तो घडवलाय. बघावाच असा.

पण मला विचाराल, तर खरा वेळ काढावा तो दलदलीतल्या माणसांसाठी. तिथल्या दलदलीत शेवाळ साठून साठून पीटचे थर होतात. लोक ते कापून, वाळवून चुलीत घालतात. आत हवा पोचत नाही, पाणी थंड आणि आंबट. त्यामुळे मेलेलं माणूस कुजत नाही, कातडी कमावल्यासारखी होऊन टिकते.

२००३ साली असे दोन देह निघाले. एक ओल्ड क्रोहनचा. डोकं नाही, कमरेखालचं काही नाही; नुसतं धड आणि दोन हात. पण ते हात बघा. नखं नीट राखलेली, बोटांवरच्या रेषा अजून स्पष्ट. हा गडी कष्टकरी नव्हता, हे कुणीही सांगेल. दंडाला वेणीसारखा विणलेला चामडी पट्टा आहे. हातांच्या लांबीवरून उंची साडेसहा फुटांच्या आसपास धरतात. पोटात शेवटचं जेवणही सापडलं: धान्य आणि ताक!

दुसरा क्लोनीकॅव्हनचा. हा बुटका, पण केस डोक्यावर उंच चढवलेले, आणि ते बसावेत म्हणून पाइनची राळ चोपडलेली. ही राळ फ्रान्स-स्पेनकडची. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी नट्टापट्ट्याचं सामान समुद्रापलीकडून मागवणारा माणूस साधा कसा असेल?

दोघांनाही हाल करून मारलेलं आहे. संग्रहालयात पूर्वी काम केलेले पुरातत्त्वज्ञ एमन केली यांचं म्हणणं, हे राजे किंवा राजेपदाचे दावेदार असावेत. दुष्काळ पडला, राज्याचं बरं चाललं नाही, की त्यांचाच बळी द्यायचा आणि देह राज्याच्या शिवेवर पुरायचा. दोघांच्या छातीवर स्तनाग्रं कापल्यासारख्या खुणा आहेत; राजाची स्तनाग्रं चोखणं ही तिथली शरण जायची रीत, म्हणून ती कापली की माणूस राजेपदाला नालायक ठरायचा, असं सांगून केली या खुणा पुरावा मानतात. सगळ्यांना हे पटलेलं नाही. त्या खुणा सुरीच्या नसून दलदलीत झालेल्या झिजेच्या आहेत, असं म्हणणारे अभ्यासकही आहेत. मला विचाराल तर शिवेचा मुद्दा पटतो, छातीचा तितकासा नाही.