इंदूर ते तोरणमाळ, मागे घर जोडून

इंदूरहून दक्षिणेला कुठंही निघा, आधी उतरावं लागतं. शहर वसलंय माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर. खलघाटला नर्मदा लागते ती दीडशेच्या आसपास. मधले चारशे मीटर विंध्याच्या कडेनं खाली यायचं. नुसत्या गाडीत बसलं की हे जाणवतही नाही. मानपूर गेलं, गुजरी आली, एवढंच.

लोकमान्यनगरातल्या या काका-काकूंना यंदा ते जाणवणार आहे. गाडीच्या मागे दोन माणसं झोपतील एवढा कॅराव्हॅन ट्रेलर जोडलाय, आणि जायचंय तोरणमाळला. सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यात, सुमारे ११५० मीटर उंचीवर.

(दृश्य: जेवणाचं टेबल. पसरलेला नकाशा, कोपऱ्यावर पोह्यांची बशी ठेवून दाबलेला.)

मोबाइल रस्ता सांगतो, वेळ सांगतो. उतार किती आहे हे विचारलं तर गप्प. म्हणून काकांनी सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे काढलेत. त्यावर लागोपाठच्या दोन समोच्च रेषांत, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांत, वीस मीटर उंचीचा फरक असतो. रस्त्यानं पाच रेषा ओलांडल्या म्हणजे शंभर मीटर उतरला. मग वळणावळणानं दोरा लावून रस्त्याची लांबी मोजायची. ती दोन किलोमीटर भरली, तर उतार पाच टक्के. रस्त्यांचे निकष ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस डोंगरी रस्त्यांना एरवी पाच टक्केच धरते, नाइलाज असेल तिथं सातापर्यंत जाते.

पाच टक्के किरकोळ वाटतात? इंदूरकरांना पातालपानीचा घाट आठवावा. १८७० साली दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज देऊन खंडव्याहून इंदूरपर्यंत रेल्वे आणवली. पातालपानी ते कालाकुंड या टप्प्यात तिचा उतार होता चाळीसात एक, म्हणजे फक्त अडीच टक्के. तेवढ्यासाठी चढताना मागून दुसरं इंजिन लावावं लागे. उतरायच्या आधी गाडी थांबे. लोक म्हणत, टंट्या मामाला, म्हणजे इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिल्लाला सलामी. रेल्वे म्हणे, ब्रेकची तपासणी. आपल्याला विचाराल तर दोन्ही कारणं चांगलीच आहेत. आणि पुढे ब्रॉडगेज करायची वेळ आली तेव्हा हा घाट सोडून लांबचा वळसा पत्करला गेला. वजन ओढणाऱ्याला जवळचा रस्ता परवडेलच असं नाही.

काकांकडे उतरायला तीन वाटा आहेत.

पहिली महूहून मंडलेश्वरकडे, जाम घाटातून. वर कड्यावर अहिल्याबाईंच्या काळातला, १७९१ चा जाम दरवाजा. देखणी वाट, पण अरुंद आणि वळणांची. पावसाळ्यात तर निम्मं इंदूर तिथं भुट्टे खात उभं असतं. ट्रेलरसाठी बाद. दुसरी सिमरोलवरून भेरूघाटाची, खंडवा रस्त्यानं. ओंकारेश्वरला जायचं असतं तर तिचा विचार केला असता. उरला आग्रा-मुंबई रस्ता आणि त्यावरचा गणेश घाट.

हे नाव ऐकून काकूंनी चमचा खाली ठेवला. तसं होणारच. मुंबईकडे उतरणाऱ्या भरल्या ट्रकांचे ब्रेक निकामी होऊन इथं इतके अपघात झाले, की उतरणाऱ्या वाहनांसाठी वेगळा, सौम्य उताराचा रस्ता काढावा लागला. पण रुंद रस्ता, दुभाजक आणि थांबायला जागा ही तिन्ही या वाटेवरच एकत्र मिळतात. काकांनी तिच्यावर पेन्सिल फिरवली.

(दृश्य: घरासमोर ट्रेलर. खाली विटा, फळी आणि बाथरूममधला वजनकाटा.)

निघण्याआधीचं खरं काम हे. ट्रक तोलतात त्या धरमकाट्यावर ट्रेलर सामानासकट १०५० किलो भरला. पण एकूण वजनापेक्षा ट्रेलरचं नाक गाडीच्या हुकावर किती भार टाकतं, ते जास्त महत्त्वाचं. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार तिथं हवा. काकांनी पुढचं चाक उचललं, नाक काट्यावरच्या ठोकळ्यावर टेकवलं. काटा ६२ वर थांबला. म्हणजे मागची बाजू जड. असा ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो, आणि उतारावर ते हलणं वाढतच जातं. मग मागच्या कपाटातलं गहू-तांदळाचं सामान, गॅसची शेगडी, जास्तीची बॅटरी, सगळं चाकांच्या पुढे, खाली जमिनीलगत आलं. काकूंची लोणच्याची बरणीसुद्धा. आता काटा ११० दाखवतो. इथं मात्र हुकाला आणि गाडीला किती भार चालतो, हे कंपनीच्या पुस्तकात पाहिल्याशिवाय पुढं जायचं नाही.

तरीही ट्रेलर डोलायला लागलाच तर? पाय गाडीच्या ब्रेकवर जातो, तो जाऊ द्यायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर डॅशबोर्डवरचा कंट्रोलर हातानं दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. मागून ओढ बसली की दोघं पुन्हा एका रेषेत येतात.

आता घाट. गाडी साधारण दोन टन, ट्रेलर एक टन. हे वजन चारशे मीटर खाली आणताना जेवढी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात सुमारे ३८ लिटर गार पाणी उकळीला येईल. ही उष्णता कुठंतरी जायलाच हवी. थोडी वारा घेतो, थोडी टायर. उरलेली इंजिनानं घ्यायची की ब्रेकनं, हे चालकाच्या हातात. ब्रेक सतत दाबून धरले की तापतात, आणि तापले की पकड सोडतात. ट्रान्सपोर्टनगरच्या मिस्त्रीनं हेच त्याच्या भाषेत सांगितलं, "भिया, घाट में ब्रेक पे पैर रखके मत बैठना."

म्हणून ज्या गिअरमध्ये हा घाट चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. तो उताराला लागायच्या आधी टाकायचा. वेग वाढला की ब्रेक एकदा नीट दाबायचा आणि पूर्ण सोडायचा. मानपूरला दहा मिनिटं थांबा: चाकांच्या मध्याजवळ हाताची मागची बाजू नेऊन बघायची, कुठलं एक चाक जास्त गरम तर नाही ना. साखळ्या हुकाखाली फुलीत बांधलेल्या आहेत ना. आणि आरशात भरलेला ट्रक दिसला तर आधी त्याला पुढे जाऊ द्यायचं.

नर्मदा ओलांडली की निमाड. सेंधव्यापर्यंत रस्ता फारसं काही मागत नाही. पुढे बिजासन घाट, मातेचं देऊळ, आणि सातपुडा उतरून खानदेश. शिरपूरला आग्रा-मुंबई रस्ता सोडून उजवीकडे, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यानं शहादा. सेंधव्याहून खेतियामार्गे अंतर वाचलं असतं, पण मग दुभाजकाचा आग्रा-मुंबई रस्ता सेंधव्यालाच सोडावा लागला असता.

हिवाळ्यात या पट्ट्यात ऊसतोडणी असते. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर अंधारात मागे दिवा नसताना चालतात. म्हणून शहादा दिवसाउजेडीच गाठायचं.

(दृश्य: पुन्हा टेबल. पोहे संपलेत.)

वाद झाला तो शेवटच्या टप्प्यावर. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर, आणि मग सातपायरी घाट.

"एसटी जाते ना वर?" काकूंचा सवाल.

जाते. पण एसटी एकसंध आहे. वळणात अडकली तर ड्रायव्हर एकदा मागे घेतो, पुन्हा काढतो. ट्रेलरची चाकं गाडीच्या चाकांवरून जात नाहीत, वळणाच्या आतून कापत जातात. आत दगडी कठडा असेल तर त्याच्यावरून. आणि चढावर, हेअरपिनमध्ये, म्हणजे केसांच्या पिनेसारख्या उलट फिरणाऱ्या वळणात, ट्रेलर मागे घ्यायचा म्हणजे तो क्षणात दुमडून गाडीच्या अंगावर येतो. रोड्स काँग्रेसच्या नियमात हेअरपिनची आतली त्रिज्या किमान १४ मीटर असावी असं आहे. जुन्या घाटात दर वळणावर ती मिळेल, या भरवशावर ट्रेलर वर न्यायचा नाही.

काकूंनी नकाशावर बोट ठेवलं ते प्रकाशाला. तापी आणि गोमाईचा संगम, केदारेश्वराचं देऊळ, सपाट जमीन. ट्रेलर तिथं लावायचा, मुक्काम तिथं. तोरणमाळला नुसती गाडी घेऊन सकाळी जायचं, यशवंत तलाव, सीताखाई बघायची, आणि अंधाराआधी खाली. काका काही बोलले नाहीत, पण त्यांनी खोडरबर घेतला.

परतीला सगळं उलटं. बिजासन चढायचा, गणेश घाट चढायचा. अरुंद चढावर वाट सोडायची ती उतरणाऱ्यानं, असा वाहतुकीचा नियमच आहे. पण समोरच्याला तो ठाऊक असेल असं समजून चालू नये. इंजिन तापायला लागलं तर एसी बंद. प्रकाशाहून उजाडताच निघायचं, ऊन चढायच्या आत बिजासन मागे पडला पाहिजे. आणि निघण्याआधी ट्रेलरची पाण्याची टाकी रिकामी करायची. साठ लिटर म्हणजे साठ किलो. इंदूरच्या नळाला येणारं पाणी आधीच सत्तर किलोमीटरवरच्या नर्मदेतून पंपानं वर चढवलेलं असतं; आणखी साठ लिटर काकांनी कशाला ओढायचं?