बी की साल?

अध्यक्षांनी ओळख करून देताना सांगितलं की मी ढगांचा अभ्यास करते. त्यांचा मोठेपणा. मी ज्या थेंबाचा अभ्यास करते त्याचा व्यास १० नॅनोमीटर, आणि तोही संगणकात. ढगापर्यंत मी या जन्मात पोचेन असं दिसत नाही.

कणच नसलेल्या हवेत थेंब धरायला आर्द्रता चारशे टक्क्यांच्याही वर न्यावी लागते, हे इथे बसलेल्यांना नव्याने सांगायला नको. खऱ्या ढगात ती शंभराच्या पुढे बहुधा एक टक्कासुद्धा जात नाही. मधली तूट भरून काढतात हवेत तरंगणारे कण. त्यांना सगळे 'बी' म्हणतात आणि माझं भांडण या शब्दाशी आहे. बी म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते फळ: मधोमध टणक काहीतरी, भोवती रसाळ पाणी. कण सेंद्रिय आम्लाचा असेल तर हे चित्र साफ चुकीचं आहे, एवढंच आज सांगायचंय. पण त्याआधी माझा थेंब उडाला ती गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला कुणी व्यासपीठावरून उतरू देत नाही.

भौतिकशास्त्रज्ञ अनीसुर रहमान यांनी १९६४मध्ये आर्गॉनचे ८६४ अणू संगणकात हलवून दाखवले. १९७१मध्ये स्टिलिंजर यांच्याबरोबर पाणी केलं, रेणू २१६. माझ्या थेंबात साडेसतरा हजार. पद्धत मात्र तीच. प्रत्येक रेणूवरचं बल काढा, दोन फेम्टोसेकंद पुढे सरका, पुन्हा बल काढा. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा दशलक्ष अब्जावा भाग. एक मायक्रोसेकंद बघायचा तर ही कवायत पन्नास कोटी वेळा. मी नवखी होते. थेंबात आम्ल घातलं, संगणक चालू केला आणि काही दिवसांनी येऊन बघते तर थेंब गोठलेला! खोलीच्या तापमानाला! बरं, नुसता गोठलेला नाही, निघालेला. संगणकात थेंबाभोवती आखलेल्या डब्याच्या उजव्या भिंतीतून बाहेर, डावीकडून परत आत, पुन्हा उजवीकडे. तापमान? बरोबर ३०० केल्विन. सेंद्रिय आम्लामुळे पाणी उन्हाळ्यातही गोठतं असा शोध लागला म्हणून मी रात्रभर निबंध लिहीत बसले. शीर्षकसुद्धा ठरलं होतं. (हशा) हसा, हसा. माझे मार्गदर्शकही हसले होते, फक्त जरा जास्त वेळ.

झालं होतं असं. संगणक तापमान काढतो रेणूंच्या वेगावरून. तापमान कायम राखायला आम्ही मधूनमधून सगळ्यांचे वेग एकाच प्रमाणात कमीजास्त करतो. हे भोळेपणाने केलं तर आतल्या थरथरीची ऊर्जा हळूहळू अख्ख्या थेंबाच्या धावण्यात जाते. धावत्या गाडीत सगळे प्रवासी गाढ झोपलेत आणि फलाटावरचा माणूस म्हणतोय, काय चपळ लोक आहेत! या रोगाला 'उडता बर्फाचा तुकडा' असं रीतसर नाव आहे, हे मला नंतर कळलं. उपाय साधा: वस्तुमानकेंद्राची गती अधूनमधून काढून टाकायची. थेंब पोकळीत एकटाच असेल तर त्याचं गरगर फिरणंही थांबवायचं. ते मी विसरले, त्याची वेगळी गोष्ट आहे. तो भोवरा...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, भोवरा राहू द्या.

तर मुद्दा. पाण्याचा रेणू कणावर येऊन आदळला की राहतो की परत फिरतो? शुद्ध पाण्याच्या पृष्ठभागावर सिम्युलेशनमध्ये जवळजवळ सगळेच राहतात. प्रयोगांतून आलेले आकडे मात्र हजारात एक इथपासून एकास एक इथपर्यंत विखुरलेले. आम्लाच्या कोरड्या कणावर पाणी सारखं पसरत नाही. आम्लगट जिथे उघडे असतात तिथे हायड्रोजन बंध धरून बेटं करतं. बेटं जुळली की आम्लाचे रेणू हलू लागतात. सिस-पिनॉनिक आम्ल घ्या, पाइनच्या वासातल्या पिनीनपासून हवेत तयार होणारं. त्याचे रेणू थेंबाच्या पृष्ठभागावर येतात, आम्लाचं डोकं पाण्यात, तेलकट अंग हवेकडे. बी बाहेर आली आणि साल झाली! मॅलोनिकसारखी आखूड, विरघळणारी आम्लं बरीच आत राहतात. म्हणून सगळ्यांना एका मापाने मोजू नका.

आता हिशेब. थेंब वाढेल की सुकेल हे सांगणाऱ्या कोलर यांच्या १९३६च्या समीकरणात दोन पारडी आहेत. विरघळलेला पदार्थ पाण्याला धरून ठेवतो, वक्र पृष्ठभागाचा ताण त्याला हाकलतो. साल पृष्ठताण कमी करते, म्हणजे थेंबाचा फायदा. पण सालीत गेलेला रेणू आत विरघळलेला नसतो, तोटाही तिथेच. माझ्या थेंबात पाण्याच्या साधारण सहा रेणूंमागे एक पृष्ठभागावरच असतो, त्यामुळे साल भरता भरता आतलं आम्ल संपतं. मोठ्या भांड्यात मोजलेला पृष्ठताण एवढ्या लहान थेंबाला लावला की एकच आम्ल दोन्ही पारड्यांत मोजलं जातं. माझी तक्रार या दुहेरी मोजणीबद्दल आहे आणि ती 'बी' या शब्दातूनच सुरू होते.

चाळीस सेकंदांची चित्रफीत आहे, तेवढी दाखवते. दिवे घालवा जरा. हो, यातला थेंब जागेवरच आहे.