यंत्र मंडपात, पेरणी पडद्यावर

(दृश्य: परभणी. मंडपाखाली ओळीने मांडलेली अवजारं, मधून वाहणारी गर्दी.)

18 मे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा स्थापना दिवस. 1972 साली विद्यापीठ सुरू झालं, आणि याच दिवशी इथे खरीप पीक मेळावा भरतो. दुपारी पारा चाळीसच्या पुढे जातो, म्हणून शेतकरी सकाळीच येऊन जातात. अवजार विक्रेत्याच्या हाती चार-पाच तास असतात, आणि एका गिऱ्हाईकाची फार तर दोन मिनिटं.

बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा आणि सरी पाडत पेरणारं यंत्र, मंडपात उभं करता येतं, चालवून दाखवता येत नाही. ते काम व्हिडिओने करायचं. लांबी 60 ते 90 सेकंद. सुरुवात फाळ मातीत उतरतो तिथून. कंपनीचं बोधचिन्ह शेवटी. रुंद वरंबा, दोन्ही बाजूंच्या सऱ्या, वरंब्यावर सोयाबीनच्या चार ओळी, आणि नळीतून पडणारं बी अगदी जवळून. लाउडस्पीकरच्या गोंगाटात टीव्हीचा आवाज कुणाला ऐकू जात नाही, म्हणून मजकूर पडद्यावरच हवा. 10 फुटांवरून आरामात वाचता यावा, तर अक्षर किमान इंचभर उंच ठेवा.

(दृश्य: टीव्हीच्या मागे पेनड्राइव्ह लावणारा हात.)

बहुतेक स्टॉल इथे अडकतात. ड्रोनचं चित्रीकरण बऱ्याचदा 4के आणि एचईव्हीसीमध्ये, म्हणजे मोठ्या चित्रात आणि व्हिडिओ दाबून साठवण्याच्या नव्या पद्धतीत येतं. जुन्या टीव्हीवर ते चालत नाही, पडदा काळाच राहतो. फाइल जुन्या, सगळीकडे चालणाऱ्या प्रकारात करून घ्या: एमपी4, एच.264, 1080पी. पेनड्राइव्ह फॅट32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. एनटीएफएस या दुसऱ्या पद्धतीने केला तर काही टीव्ही तो ओळखतच नाहीत. जो टीव्ही स्टॉलवर जाणार, त्याच टीव्हीवर आदल्या दिवशी तासभर व्हिडिओ चालवून पाहा. दुसरा पेनड्राइव्ह खिशात असू द्या.

वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत दहा-वीस सेकंद जातात. तेवढ्यात टीव्ही बंद पडतो, आणि परत सुरू होतो तो व्हिडिओवर नाही, मुख्य पानावर. गर्दीत ते कुणाच्या लक्षात येत नाही. 43 इंची एलईडीला संगणकाचा छोटा यूपीएस पुरतो. तेवढा खर्च कराच. टीव्ही मंडपाच्या उघड्या बाजूकडे तोंड करून लावू नका. घरगुती पडद्याचा उजेड उन्हापुढे टिकत नाही. बाजूच्या भिंतीला लावला की चित्र दिसतं.

टॅबलेटची गत वेगळी. अनेक टॅबलेट साधारण 35 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. त्यापुढे पडदा आपोआप मंद होतो, चार्जिंग थांबतं. जाड कव्हर काढा, दोन टॅबलेट आलटून पालटून वापरा. गार करायला बर्फाच्या डब्यात ठेवू नका, आत दव धरतं.

(दृश्य: दरपत्रकाचा पडदा, दोन आकडे शेजारी.)

आता दर. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टर आणि मशागत-पेरणीच्या अवजारांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. मूळ किंमत 1,00,000 असेल तर आदल्या दिवशीचे 1,12,000 दुसऱ्या दिवशी 1,05,000 झाले. ज्यांनी व्हिडिओतच दर लिहिला होता, त्यांचे सगळे व्हिडिओ एका रात्रीत चुकीचे ठरले. 7,000 रुपयांचा फरक शेतकऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. तो पुढच्या स्टॉलवर जातो.

म्हणून जे बदलतं ते, जे बदलत नाही त्यापासून वेगळं ठेवायचं. यंत्राचं काम व्हिडिओत, दर एकाच तक्त्यात, वर ‘या तारखेपासून लागू’. बदल करण्याचा अधिकार एकाच माणसाकडे, बाकीच्यांना फक्त पाहण्यापुरता. फाइलच्या नावात ‘फायनल’ आणि ‘नवीन फायनल’ नको. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घाला. निघण्याआधी तक्ता टॅबलेटमध्ये उतरवून घ्या, कारण गर्दी वाढली की टॉवरवर ताण येतो आणि नेट रांगतं.

क्यूआर कोडलाही हाच नियम. फ्लेक्सवरचा कोड थेट पीडीएफकडे नको, आपल्याला बदलता येईल अशा पानाकडे जावा. मग दर बदलला तरी फ्लेक्स तोच चालतो. 5 फुटांवरून स्कॅन व्हायला कोड अर्धा फूट रुंद हवा, भोवती पांढरी कोरी कड सोडून.

मजकुराची एक अडचण खास मराठीची. फ्लेक्सवाल्याकडचा मजकूर बऱ्याचदा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असतो. तो उचलून ॲपमध्ये टाकला की अक्षरांची खिचडी होते. मूळ मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइल-संगणकावर सगळीकडे सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत, एकदाच टाइप करा, तोच सगळीकडे द्या. पीडीएफ करताना फाँट आतच बसवा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर चित्र फुटतं.

(दृश्य: जालना. शोरूममधलं टेबल, दोन खुर्च्या.)

शोरूममध्ये गिऱ्हाईक बसतं, चहा घेतं, आणि विचारतं, “सबसिडीत बसतंय का हो?” इथे व्हिडिओपेक्षा कागद महत्त्वाचा. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांच्या अर्जाच्या संकेतस्थळावर, चढवायला त्याला कोटेशन लागतं आणि यंत्राचा टेस्ट रिपोर्ट. प्रत्येक मॉडेलचा एक फोल्डर करा: फोटो, व्हिडिओ, कोटेशनचा नमुना, टेस्ट रिपोर्ट, सुट्या भागांची यादी. रिपोर्टवरचं मॉडेलचं नाव आणि कोटेशनवरचं नाव अक्षरन्‌अक्षर जुळवा. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर कागद परत येतो, आणि शेतकऱ्याचा पेरणीचा हंगाम निघून जातो.