रामबागेवरून गेलेला ग्रह

इंदूर, रामबाग. कोजागिरी होऊन आठ दिवस झालेत, त्यामुळे चंद्र आज उशिरा येणार. गच्चीवर काकांची सहा इंची दुर्बीण. सराफ्याच्या बाजूचं आकाश उजेडानं पार दुधी झालंय. आकाशगंगा इथून दिसायची बातच सोडा.

काकांना हवा आहे जंबुक तारकासमूहातला एक तारा, एचडी १८९७३३. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. पण त्याची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, आणि इंदूरचा अक्षांश जवळपास एकच, २२.७ अंश. म्हणजे तो रोज थेट आपल्या माथ्यावरून जातो, ऑक्टोबरात ऐन तिन्हीसांजेला.

२००५ साली त्याच्याभोवती गुरूएवढा ग्रह सापडला. त्याचं वर्ष आपल्या सव्वादोन दिवसांचं. दर फेरीला तो ताऱ्यासमोरून जातो आणि पावणेदोन तास ताऱ्याचा उजेड शेकडा अडीचनं उतरतो. ग्रह काही दिसत नाही. मोजायची ती ही घट.

लॅपटॉपवर मात्र ताऱ्याच्या जागी बांगडीसारखं कडं.

"काका, फोकस हललाय."

"मीच हलवलाय गं."

तारा टोकदार ठेवला तर सगळा उजेड चार पिक्सेलांवर पडतो; दुर्बीण जराशी सरकली की आकडे नाचतात. पसरला की स्थिरावतात. दिवस मावळताना दुर्बिणीच्या तोंडावर आजोबांचं धुऊन धुऊन विरलेलं धोतर ताणून काही फोटो घेतले होते, तेही यासाठीच. कॅमेऱ्यावरच्या धुळीचे डाग त्यात पकडले जातात आणि मग हिशेबातून काढून टाकता येतात.

शेजारचे दोन तारेही सोबत मोजायचे. विरळ ढग आला तर तिघंही मंदावतात. आपला एकटाच मंदावला, तर तो ग्रह. शहराचा उजेड असूनही हे जमतं ते या तुलनेमुळे.

१९९९ मध्ये परक्या ताऱ्यासमोरून ग्रह जाण्याचं असं पहिलं अधिक्रमण टिपलं गेलं ते अमेरिकेत, बोल्डरला, अवघ्या दहा सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून. काकांची त्याहून मोठी!

नवा ग्रह एकट्या काकांना सापडणं अवघडच. पण २०१८ पासून आकाश धुंडाळणाऱ्या 'टेस' उपग्रहाच्या एकेका पिक्सेलात अनेक तारे मिसळतात. त्यातला नेमका कोणता मंदावला, हे गच्चीवरची दुर्बीण सांगू शकते.

आठ वाजून गेले. आलेखावरचे ठिपके घसरू लागलेत. काका बोलत नाहीत, चहा निवतोय.

पावणेदहाला ठिपके परत वर. जिन्यातून काकूंचा आवाज येतो.

"दिसला का हो तुमचा ग्रह?"

"आत्ताच गेला."