वाट पाहणारं काम

नमस्कार, श्रोतेहो.

नोकरी सुटली की पहिले आठ-पंधरा दिवस बरे जातात. राहिलेली झोप होते, माळा आवरून होतो, बँकेची कामं उरकतात. मग दिवस अंगावर येऊ लागतो. भेटेल तो विचारतो, "सध्या काय चाललंय?" त्या प्रश्नापायी माणूस लग्नामुंजीला जाणंही टाळतो.

"वेळ आहे तर वाच, काहीतरी शीक," असं सगळेच सांगतात. नुसतं तेवढं पुरत नाही, असं मला मनापासून वाटतं. ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावातली कापडगिरणी १९३०च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन पाहणी केली. वाचनालयाने पैसे घेणं बंद केलं होतं, तरी लोक पुस्तकं नेईनासे झाले. देवघेव निम्म्यावर आली. पुरुष रस्त्याने रेंगाळायचे, मध्येच उभे राहायचे. बायका मात्र झपझप चालायच्या. त्यांच्यातल्याही कित्येकींचं गिरणीतलं काम गेलं होतं, पण घरी चूल आणि मुलं खोळंबलेली असत.

गिरणी बंद पडणं म्हणजे काय, हे इंदूरकरांना सांगायला नको. मालवा, हुकुमचंद, कल्याण, राजकुमार, स्वदेशी... एकेक भोंगा गप्प झाला. हुकुमचंद मिलच्या कामगारांच्या थकलेल्या पैशांसाठी तर डिसेंबर २०२३ उजाडावा लागला. पण अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत निघणाऱ्या गिरणी कामगारांच्या झांक्या, म्हणजे ट्रॉलीवरचे हलते देखावे, थांबल्या नाहीत. पगार नाही, हजेरी नाही, तरी वर्गणी आणि देणग्या मिळवून हे लोक जमायचे. ट्रॉलीवर सांगाडा चढायचा, मूर्तींवर रंगाचे हात फिरायचे, मोटरवर एखाद्या देवाचा हात वरखाली होतो की नाही हे पुन्हा पुन्हा पाहिलं जायचं. कारण त्या रात्री राजवाड्यापाशी लोक पोराबाळांना खांद्यावर घेऊन पहाटेपर्यंत ताटकळत उभे राहणार, हे त्यांना ठाऊक होतं.

म्हणून माझं सांगणं असं: रिकाम्या वेळात असं एक काम धरा, की तुम्ही गेला नाहीत तर दुसऱ्याचं अडेल.

आमच्या रामबागेतल्या एका गृहस्थांची पन्नाशीत नोकरी गेली. ते आता दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं मोबाइलवर वाचून ठेवतात. पंखा बंद, खिडकी बंद, कुकरची शिट्टी झाली की ते वाक्य पुन्हा. नकाशा आला की थांबून, उत्तरेला काय, नदी कुठून कुठे जाते, हे शब्दांत सांगतात. एक दिवस धडा पोहोचला नाही, तर मुलांचा फोन येतो, "काका, पुढचं?" नोकरीचे अर्ज ते सकाळी करतात, वाचन दुपारी. पैशांची ओढाताण काही संपलेली नाही, पण दुपार आता त्यांना खायला उठत नाही.

तुम्हाला हिशेब येत असेल, शिवण येत असेल, सायकल दुरुस्त करता येत असेल, तर गरजू माणूस तुमच्याच गल्लीत असेल. त्याच्याशी वार आणि वेळ ठरवून घ्या. "जमेल तसं येईन" म्हणू नका.

आणि घरच्यांना एक विनंती. संध्याकाळी नोकरी गेलेल्या माणसाला "कुठून बोलावणं आलं का?" असं विचारायच्या आधी, "आज कुठला धडा झाला?" असं विचारा.

नमस्कार.