सरांची चौकशी

(दृश्य : संध्याकाळ. शाळेमागचं मैदान. फक्कीची पांढरी रेघ. कुंपणाला टेकवलेली दप्तरं.)

साडेपाचला मैदानावर फक्की पडते. पावणेसहापर्यंत पंचवीस-तीस मुलं-मुली गोळा होतात. शिकवायला येणारे सर दिवसभर नोकरी करून येतात. मानधन नाही. उलट कुणाचे बूट फाटले तर स्वतःच्या खिशातून आणून देतात. महाराष्ट्रातला खो-खो, कबड्डी, मल्लखांब अशाच माणसांनी जगवला. हे आधी मनापासून सांगतो, कारण आजचा विषय याच माणसांच्या चौकशीचा आहे.

मंडळात नवा प्रशिक्षक येतो, तेव्हा कुणीतरी म्हणतं, "आपल्या ओळखीचा आहे. राज्य स्पर्धा खेळलाय." कार्यकारिणीत विषय दोन मिनिटांत संपतो. दुसऱ्या दिवसापासून पालक त्याला 'सर' म्हणू लागतात. आधीचं मंडळ का सोडलं, हे त्याला कुणी विचारत नाही. विचारलं तर अपमान होईल, अशी भीती.

(दृश्य : इंग्लंड. पावसात भिजलेलं फुटबॉलचं मैदान.)

नोव्हेंबर २०१६. क्रू अलेक्झांड्रा या क्लबचा माजी खेळाडू अँडी वुडवर्ड आपलं नाव न लपवता बोलला. लहानपणी त्याचा प्रशिक्षक बॅरी बेनेल यानं केलेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल. त्याच्यामागून कितीतरी माजी खेळाडू पुढे आले. बेनेल हा होतकरू मुलं अचूक हेरणारा म्हणून नावाजलेला. मुलं त्याच्या घरी मुक्कामाला जात, आणि आपल्या पोराची निवड झाली म्हणून आईवडील हरखून जात.

१९९४ मध्ये मुलांचा संघ घेऊन अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला असताना तो फ्लोरिडात पकडला गेला. तोवर त्याचं चारित्र्य प्रमाणपत्र मागितलं असतं, तर ते कोरं मिळालं असतं. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल. २०१८ मध्ये त्याला ३० वर्षांचा तुरुंगवास झाला. २०२३ मध्ये तो तुरुंगातच मेला. या प्रकरणांची स्वतंत्र चौकशी करणारे वकील क्लाइव्ह शेल्डन यांचा अहवाल २०२१ मध्ये आला. बेनेलसारख्यांना शिक्षा झाल्यानंतरही, १९९५ ते २०००च्या दरम्यान, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं मुलांच्या सुरक्षेची व्यवस्था उभारायला अक्षम्य उशीर केला, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

आज तिथे मुलांना नियमित शिकवणाऱ्या प्रशिक्षकाची सरकारी यंत्रणेमार्फत सखोल पडताळणी होते. स्वयंसेवकाकडून सरकार त्याचं शुल्क घेत नाही.

(दृश्य : पुन्हा आपलं मैदान. सरावाला सुरुवात.)

आपल्याकडे नियमच नाही, असं अनेकांना वाटतं. नियम आहे. पोक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचं संरक्षण करणारा कायदा, २०१२चा. त्याचे २०२० चे नियम सांगतात की मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थेनं आपल्या माणसांची पोलीस पडताळणी करून घेतली पाहिजे, आणि तीही ठरावीक काळानं पुन्हा पुन्हा. शाळा, पाळणाघरं यांच्याबरोबर क्रीडा अकादमींचा तिथे नावानिशी उल्लेख आहे.

पण शब्द बारकाईनं वाचा. कायम असो वा कंत्राटी, नियम बोलतो तो कर्मचाऱ्यांबद्दल. आमचे सर कर्मचारी कुठे आहेत? ते तर हौसेनं येतात. सामन्याला पाण्याचे कॅन उचलणारा दादा, मुलींसोबत गाडीत बसून जाणारा संघ व्यवस्थापक, मालिश करणारा, किट सांभाळणारा, यांच्यापैकी कुणाचंच नाव पगारपत्रकावर नसतं. बदलापूरच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ला शासन निर्णय निघाला, त्यात शाळांमधल्या कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीवर भर दिला गेला. तोही शाळांसाठी. शाळा सुटल्यावर तीच मुलं मंडळाच्या मैदानात येतात, तिथे ज्याला त्याला विश्वासावर सोडलेलं. आमच्या मते नियमातला तो 'कर्मचारी' शब्द बदलण्याची वाट मंडळांनी पाहू नये. पगार असो नसो, मुलांजवळ जो येतो त्याची पडताळणी व्हावी. अध्यक्षांचीही.

(दृश्य : मोबाइलवर भरला जाणारा ऑनलाइन अर्ज.)

महाराष्ट्र पोलिसांकडे चारित्र्य पडताळणीसाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही २०१८ पासून आहे, पण ती फक्त तपास यंत्रणांना पाहता येते. मंडळाच्या सचिवाला नाही. म्हणून पोलीस ठाण्याचा रस्ताच धरावा लागतो.

आणि आता बेनेलचं ते कोरं प्रमाणपत्र आठवा. पोलिसांच्या दप्तरी जे आहे, तेवढंच त्या कागदावर उमटतं. बोलून दाबलेलं, बदनामीच्या धाकानं मिटवलेलं त्यावर येत नाही. ते कळतं एका फोननं. आधीच्या मंडळाला, आधीच्या शाळेला. "तुमच्याकडून हे का गेले? पुन्हा घ्याल का त्यांना?" समोरचा उत्तर देताना अडखळला, तरी बरंच काही कळतं.

त्यापुढे मैदानाची शिस्त येते. बाहेरगावच्या स्पर्धेत मुक्काम बहुतेकदा एखाद्या शाळेच्या वर्गात असतो, जमिनीवर सतरंज्या, एकच दिवा. तिथे प्रशिक्षकांची झोपायची जागा वेगळी हवी. मुलींच्या संघासोबत बाई हवीच. कुठल्याही मुलाला एकट्यानं गाडीवर न्यायचं नाही, एकट्याला रात्री मेसेज करायचे नाहीत. दुखापत तपासताना दुसरं मोठं माणूस जवळ हवं. यात सरांचंही रक्षण आहे, हे ज्येष्ठ प्रशिक्षकांनी तरुणांना समजावून सांगायला हवं.

तरीही काही घडलं, तर "मंडळातच मिटवू" हा मार्ग कायद्यानं बंद केलेला आहे. अत्याचाराची माहिती असून पोलिसांना न कळवणं हा पोक्सोखाली गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल गप्प राहिलं, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मूल स्वतःही १०९८ वर फोन करू शकतं. हा आकडा मैदानाच्या फलकावर, सामन्यांच्या वेळापत्रकाशेजारी, मुलांच्या उंचीला लिहा.

(दृश्य : सराव संपलेला. पायरीवर बसून मंडळाचे सचिव वही उघडतात. समोर नवा तरुण प्रशिक्षक.)

"याआधी कुठं शिकवत होतास?"

तो मंडळाचं नाव सांगतो. सचिव ते लिहून घेतात, शेजारी फोन नंबर मागतात, आणि त्याच्यासमोरच लावतात.